गटाराचं पाणी काय सांगतंय, आणि त्याचा निकाल कुणाच्या माथी लागणार?

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो. त्यात मागच्या तापाच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या, गल्फहून आलेल्या मामूंनी आणलेली एखादी पट्टी आणि केमिस्टने कात्रीने कापून दिलेल्या, नाव अर्धंच दिसणाऱ्या दोन कॅप्सूल. पोराला ताप आला की अम्मी डबा उघडते. "मागच्या वेळी यानेच उतरला होता," म्हणून एक गोळी दिली जाते. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या पुन्हा डब्यात.

कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. डॉक्टरची फी, एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि सरकारी दवाखान्यातली रांग यांचा हिशेब केला तर हा डबाच स्वस्त पडतो. पण या डब्याचा आणि घरामागून वाहणाऱ्या गटाराचा जवळचा संबंध आहे. जगभरातले शास्त्रज्ञ आता त्याच गटाराचं पाणी बाटलीत भरून तपासू लागले आहेत. आज ना उद्या ही तपासणी आपल्या शहरांत, आपल्या मोहल्ल्यांत पोहोचेल. ती काय आहे, तिच्यातून काय कळतं, काय कळत नाही आणि आपण कशावर नजर ठेवायची, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

दाद न देणारे जंतू

अँटिबायोटिक औषधं जिवाणूंना मारतात. पण औषध चुकीचं, अपुरं किंवा विनाकारण घेतलं की कमजोर जिवाणू मरतात आणि चिवट उरतात. उरलेले वाढतात, आणि पुढच्या वेळी तेच औषध दाद देत नाही. १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी याच धोक्याबद्दल बजावलं होतं. त्यांनी एक काल्पनिक किस्सा सांगितला. एक माणूस घसादुखीवर स्वतःच्या मनाने थोडंसंच पेनिसिलिन घेतो, त्याच्या घशातले जंतू चिवट होतात, ते बायकोला लागतात आणि ती दगावते. चूक एकाची, जीव दुसऱ्याचा. या दुखण्याची सगळी गंमत, म्हणजे सगळी शोकांतिका, इथेच आहे.

आकडे पाहा. 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली. ज्या मृत्यूंत अशा जंतूंचा काही ना काही हात होता, त्यांची संख्या ४९ लाख ५० हजार. भारताच्या वाट्याला थेट मृत्यू जवळपास तीन लाख. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की २०२३ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या जिवाणूंच्या दर सहा संसर्गांपैकी एक औषधाला दाद देत नव्हता. आपल्या दक्षिण-पूर्व आशिया विभागात हे प्रमाण तीनात एक होतं.

आता मूळ प्रश्न. हे आकडे येतात कुठून? बहुतेक मोठ्या रुग्णालयांतून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, २०१३ पासून रुग्णालयांच्या जाळ्यातून अशी माहिती गोळा करते. पण जो माणूस मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, गल्लीतल्या दवाखान्यातून सुई घेऊन कामावर जातो, त्याच्या पोटातले जंतू कुणी मोजत नाही. म्हणजे ज्यांना धोका जास्त, तेच हिशेबाबाहेर.

म्हणूनच गटार. संडासाला सगळेच जातात. श्रीमंत जातो, गरीब जातो, दवाखान्यात गेलेला जातो आणि न गेलेलाही जातो. हजारो माणसांच्या पोटातले जंतू एका नाल्यात एकत्र येतात. ते पाणी तपासलं की कुणाच्या बोटाला सुई न टोचता, कुणाचं नाव न विचारता, संपूर्ण वस्तीची हालत कळते.

ही गोष्ट मुंबईला नवी नाही

पोलिओच्या लढाईत गटाराच्या पाण्याचा मोठा वाटा होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. भारतात सांडपाण्यातून पोलिओचा विषाणू शोधण्याचं काम २००१ मध्ये सुरू झालं ते मुंबईत. पंपिंग स्टेशन आणि उघड्या नाल्यांतून नमुने घेतले जायचे. वस्तीत एकही मूल लुळं पडलेलं नसताना पाण्यात विषाणू सापडला, तर समजायचं की तो इथे फिरतोय. मग त्या भागात डोस देणाऱ्या बायांची फेरी वाढायची. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये फक्त एक. २७ मार्च २०१४ ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

त्याच काळातली दुसरी आठवणही आपल्या समाजाची आहे. उत्तर प्रदेशात अनेक मुस्लिम घरांनी डोस नाकारले. "हमारे ही मोहल्ले में बार-बार क्यूं आते हैं," हा सवाल होता. अफवा होत्या, पण अफवांच्या मुळाशी अविश्वास होता. जिथे रस्ता नाही, नळ नाही, दवाखाना नाही, तिथे सरकार दर महिन्याला फक्त दोन थेंब घेऊन येतं, तर माणूस शंका घेणारच. हा पेच पोलिसांनी सुटला नाही. उलेमांनी आवाहन केलं, मशिदींतून ऐलान झाले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांसारख्या संस्था कामात उतरल्या, वस्तीतल्याच बायका दारोदार गेल्या, तेव्हा दारं उघडली. हा धडा आपण विसरायचा नाही, आणि सरकारलाही विसरू द्यायचा नाही.

अगदी ताजं उदाहरण गाझाचं. २०२४ च्या जूनअखेरीस खान युनूस आणि दैर अल-बलाह इथल्या सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा विषाणू सापडला. बॉम्बखाली दवाखाने उद्ध्वस्त झालेले, रुग्णांची नोंद ठेवायला कुणी नाही, तरी पाण्याने खबर दिली. ऑगस्टमध्ये दहा महिन्यांचं एक बाळ लुळं पडल्याचं निश्चित झालं. तिथला पंचवीस वर्षांतला पहिला रुग्ण. सप्टेंबरमध्ये युद्ध थांबवून थांबवून साडेपाच लाखांहून जास्त मुलांना डोस दिले गेले. जिथे बाकी सगळी यंत्रणा कोसळते, तिथेही गटाराचं पाणी साक्ष देतं.

तपासतात कसं?

पद्धत दोन प्रकारची आहे. पहिली साधी. नाल्यातलं किंवा सांडपाणी केंद्रातलं पाणी बाटलीत घ्यायचं आणि प्रयोगशाळेत अशा थाळीवर टाकायचं जिच्यात अँटिबायोटिक मिसळलेलं आहे. औषध असूनही जे जंतू वाढतात, ते मोजायचे. आपल्या सर्वांच्या आतड्यात राहणारा ई-कोलाय हा जिवाणू यासाठी सोयीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याची एक सोपी पद्धत आखून दिली. त्यात माणसं, कोंबड्यांसारखे खाद्यप्राणी आणि सांडपाणी या तिन्ही ठिकाणी एकाच जातीचा चिवट ई-कोलाय मोजतात. गरीब देशांनाही परवडावी अशीच ती बनवली आहे.

दुसरी पद्धत महागडी. तिच्यात जंतू वाढवायचे नाहीत, पाण्यातला जनुकीय मसाला थेट वाचायचा. चिवटपणा देणारी जनुकं किती आणि कोणती, याची यादीच मिळते. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाच्या पुढाकाराने ६० देशांतल्या ७४ शहरांचं सांडपाणी असं वाचलं गेलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेत चिवट जनुकं जास्त आढळली, आणि या फरकाचा संबंध स्वच्छता आणि आरोग्याच्या सोयींशी दिसला. सोप्या भाषेत, ज्या शहरात संडासाचं पाणी आणि पिण्याचं पाणी वेगळं राहतं, तिथे हे जंतू कमी पसरतात. फक्त "लोक गोळ्या फार खातात" एवढ्यावर हा विषय संपत नाही.

याचा पुरावा शेजारच्या पाकिस्तानात आहे. २०१६ च्या अखेरीस सिंधमधल्या हैदराबाद शहरात टायफॉइडची अशी साथ सुरू झाली की नेहमीची जवळजवळ सगळी औषधं निकामी ठरली. तोंडावाटे घ्यायचं अझिथ्रोमायसिन हे एकच औषध हाती उरलं. रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले तर ते सांडपाण्याच्या वाहिन्यांभोवती गोळा झालेले दिसले. गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होतं. पुढे २०१९ मध्ये पाकिस्तान नियमित लसीकरणात टायफॉइडची नवी लस आणणारा जगातला पहिला देश ठरला. आपल्याकडे नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्येच मुलांना ही लस देण्याची मोहीम घेतली होती, हेही नमूद करायला हवं.

आता आपल्या गल्लीत या. पाणी दिवसातून तास-दोन तास येतं. नळाचा पाइप गटारातून किंवा गटाराच्या कडेने गेलेला. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि कुणी मोटर लावून ओढलं की पाइपला जिथे भोक असेल तिथून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. चिवट जंतूचा प्रवास असा एका घराच्या संडासातून दुसऱ्या घराच्या हंड्यात होतो. गोळी कुणी खाल्ली आणि जंतू कुणाला लागला, याचा पत्ता लागत नाही. फ्लेमिंग यांचा तोच किस्सा, फक्त आता संपूर्ण वस्तीचा.

दिल्लीच्या नावाचा धडा

सांडपाणी तपासणं ही निव्वळ विज्ञानाची गोष्ट राहत नाही. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात अत्यंत चिवट जंतू सापडला. तो त्याआधी दिल्लीच्या रुग्णालयात दाखल होता. त्या जंतूतल्या जनुकाने बनणाऱ्या घटकाला 'न्यू दिल्ली'चं नाव देण्यात आलं, एनडीएम-१. देशात गदारोळ झाला. हा भारताच्या बदनामीचा डाव आहे, आपल्या वैद्यकीय पर्यटनाला धक्का देण्यासाठी आहे, असे आरोप झाले. २०११ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दिल्लीतल्या पाण्याच्या नमुन्यांचे निकाल छापले. नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ मध्ये ते जनुक आढळलं. पुन्हा तेच, नाकारणं आणि राग.

नाव देण्यावरचा आक्षेप वाजवी होता. रोगाला शहराचं नाव लावू नये, हे आज जगही मानतं. पण नावावरच्या रागात पाण्यातली गोष्ट बाजूला पडली. आता विचार करा, एका देशाला, त्याच्या राजधानीला हा शिक्का एवढा झोंबला, तर एखाद्या मोहल्ल्याला किती झोंबेल? "गोवंडीच्या नाल्यात सुपरबग", "मुंब्र्याचं पाणी धोकादायक", अशा बातम्या टीव्हीवर कशा चालतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

२०२० आपण विसरलेलो नाही. साथ साऱ्या जगात होती, पण महिनाभर बोट फक्त तबलीगी जमातीकडे दाखवलं गेलं. भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीतून हाकललं गेलं. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याची शक्यता बोलून दाखवली. निकाल आला, पण गेलेली इज्जत आणि बुडालेला धंदा परत आला नाही.

म्हणून "तपासणीत कुणाचं नाव येत नाही, मग घाबरायचं कशाला?" हे उत्तर अर्धंच आहे. माणसाचं नाव येत नाही, पण वस्तीचं येतं. आणि आपल्या शहरांत वस्तीचं नाव म्हणजे अनेकदा समाजाचंच नाव.

दोन्हीकडून नुकसान नको

मग काय, या तपासणीला विरोध करायचा? माझं स्पष्ट मत आहे, नाही. कारण न मोजण्याचं नुकसानही आपलंच आहे.

धोका दोन बाजूंनी आहे. एकीकडे बदनामी, दुसरीकडे हिशेबाबाहेर राहणं. सांडपाण्याची तपासणी जिथे पक्क्या भूमिगत वाहिन्या आणि प्रक्रिया केंद्रं आहेत तिथे सोपी असते. मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथे सात मोठी केंद्रं उभी राहत आहेत. नमुने अशाच ठिकाणी घेणं सोयीचं पडतं. पण ज्या गल्लीत वाहिनीच नाही, सार्वजनिक संडासाची टाकी टँकरने उपसली जाते आणि बाकीचं थेट उघड्या नाल्यात जातं, ती वस्ती या नकाशावर येणारच नाही. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, गोवंडीतल्या कित्येक गल्ल्यांची ही हालत आहे. जिथे धोका सर्वात जास्त, तिथलाच आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून निधी नाही. त्यामुळे उघडे नाले आणि टाक्याही तपासल्या गेल्या पाहिजेत. पोलिओच्या वेळी हे जमलं, तर आताही जमेल.

दुसरी गोष्ट. गटारात फक्त घरातलं पाणी नसतं. त्यात रुग्णालयाचं पाणी असतं, पोल्ट्रीचं, कत्तलखान्याचं, औषध कारखान्याचं असतं. तेलंगणात हैदराबादजवळच्या पटनचेरू भागात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं गेलं, त्याचे निकाल २००७ मध्ये आले. एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघालं. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून कितीतरी जास्त. २०२० मध्ये केंद्र सरकारने कारखान्यांच्या पाण्यात अँटिबायोटिक किती असावं याच्या मर्यादांचा मसुदा काढला. पण २०२१ च्या अंतिम नियमांत त्या मर्यादा राहिल्याच नाहीत. कारखान्याला सूट आणि वस्तीवर बोट, असं होणार असेल तर ते विज्ञान नव्हे. नाल्याच्या टोकाला एकच बाटली भरून वस्तीवर निकाल लावता येत नाही. रुग्णालय, कारखाना आणि पोल्ट्री यांच्या तोंडाशी वेगळे नमुने घ्यावेच लागतील.

तिसरी गोष्ट. पाण्यात चिवट जनुक सापडलं म्हणजे वस्ती आजारी आहे, असं होत नाही. पोटात असे जंतू घेऊन धडधाकट फिरणारी माणसं लाखोंनी आहेत. पावसात आकडा उतरतो, उन्हाळ्यात चढू शकतो. काही जंतू नाल्यातच वाढतात आणि आपली जनुकं एकमेकांना वाटतात. म्हणून एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो, महिनोन्महिने घेतलेल्या नमुन्यांतून कल कळतो. एका नमुन्यावर मथळा करणाऱ्या चॅनेलला आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो फॉरवर्ड करणाऱ्यांनाही हे सांगायला हवं.

आपण काय मागायचं?

केंद्राने १८ नोव्हेंबर २०२५ ला २०२५ ते २०२९ साठीचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. माणूस, जनावर आणि पर्यावरण या तिन्हींकडे एकत्र पाहायचं, हे त्याचं सूत्र आहे. केरळने तर २०१८ मध्येच स्वतःचा राज्य आराखडा केला आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या केमिस्टवर कारवाई सुरू केली. म्हणजे इच्छा असली की राज्य पातळीवर हे होतं. आपल्या नगरसेवकांकडे, महापालिकेकडे आपण या मागण्या ठेवू शकतो:

- निकाल मोहल्ल्याच्या नावाने नाही, मोठ्या निचरा क्षेत्राच्या नावाने जाहीर व्हावेत. पण जाहीर व्हावेत, दडवू नयेत, आणि मराठीबरोबर उर्दूतही असावेत.
- आकडा आला की कृती ठरलेली असावी. गळका पाइप बदलणं, क्लोरीन वाढवणं, दवाखान्यांना औषधांबाबत सूचना देणं. नुसता आकडा म्हणजे नुसती बदनामी.
- रुग्णालयं, कारखाने आणि पोल्ट्री यांचे नमुने वेगळे घ्यावेत आणि तेही जाहीर करावेत.
- या माहितीचा वापर आरोग्यासाठीच व्हावा. पोलीस कारवाई, घरं पाडणं किंवा धंदे बंद करण्यासाठी नाही.
- नमुने घेण्याआधी वस्तीतल्या डॉक्टर, शिक्षक, आशा ताई आणि मशिदीच्या ट्रस्टींना बसवून सांगावं. दारं बंद झाल्यावर समजावण्यापेक्षा हे सोपं.

आणि घरातलं काम आपलं आपण करायचं. साध्या सर्दी-पडशाला आणि विषाणूच्या तापाला अँटिबायोटिक लागत नाही, डॉक्टरकडे त्याचा हट्ट धरू नये. चिठ्ठी असेल तरच घ्यावं, सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेले दिवस घ्यावं. एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नये, मग ती गल्फची असो की गल्लीतली. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं तरी घरातल्या मोठ्या मुलांना शिकवावं. उरलेल्या गोळ्या संडासात टाकू नयेत, कारण तिथून त्या त्याच नाल्यात जातात.

जुम्याच्या नमाजनंतर पाच मिनिटांचा ऐलान पोलिओच्या वेळी कामाला आला होता. तो या वेळीही येईल. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी त्यात एकदा लाल रेघेविषयी सांगितलं, तर शंभर घरांतले डबे एका दुपारी उघडतील. तुम्ही आज संध्याकाळी घरातला डबा उघडून बघा. आणि महापालिकेची माणसं बाटल्या घेऊन नाल्यावर दिसली तर त्यांना हाकलू नका. त्यांना दोनच सवाल विचारा. निकाल आम्हाला कधी सांगणार? आणि तो आला की आमचा पाइप कधी बदलणार?